लाल, चार टक्के

मोबाइलवर सहा पट्ट्या:
गडद निळा, निळा, जांभळा, पांढरा, हिरवा, लाल.
बोट सरकवलं की तीन फुटांच्या समुद्रात
दुपार होते, नाहीतर मध्यरात्र.

क्रॉफर्ड मार्केटमधला नौशाद म्हणाला,
ताई, निळा नव्वद ठेवा, प्रवाळाला तोच लागतो.
पांढरा माणसांसाठी. पाहुणे आले की लावायचा.

ठेवला नव्वद.
बटणाएवढी तोंडं उघडली,
कडांना हिरवा, पोपटी, मध्ये शेंदरी निखारा,
आणि माझगावचा आमचा दुसरा मजला
रस्त्यावरून बारसारखा दिसू लागला.
वॉचमन झगडे दोन दिवस गप्प होता.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, मॅडम, वर काय चालू केलंय?

मग पांढरा चाळीस.
सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं.

बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू
गेल्या महिन्यात काढला, डाव्यातला अजून आहे.
ते स्टूल ओढून काचेसमोर बसतात,
एक डोळा झाकतात, मग दुसरा.
"ह्यानं बघितलं तर पाण्यात चहा सांडलाय.
आणि ह्यानं..."
पुढचं सांगत नाहीत.

एकतीस वर्षं गोदीत पाणबुडे होते.
जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे,
तेही चाचपडत,
कारण आपल्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही.
एकदाच लक्षद्वीपला काम निघालं.
तिथे पंधरा वाव खाली दोरखंडाच्या तारेनं तळवा फाटला
आणि रक्त हिरवं आलं.
"हिरवं?"
"शेवाळासारखं. वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आहे.
वर येता येता लाल झालं, तेव्हा दुखायला लागलं."

हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.
मी पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या.
त्यांनी निळा वाढवला, थांबले, आणखी वाढवला,
पांढरा सातवर आणला, हिरवा बंद केला,
झगड्याचा विचार केला नाही.
शेवटी लालवर बोट टेकवलं.

"लाल कशाला? नौशाद म्हणतो, त्यानं नुसतं शेवाळ माजतं."
"असू दे थोडा.
कुणाला लागलं तर
कळायला नको?"

चार टक्क्यांवर आहे तेव्हापासून.
शेवाळ माजतं, नौशादचं बरोबर होतं.
रविवारी मी जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडते,
आणि बाबा मागून सांगतात,
हात हलका ठेव,
कडेकडेनं ये.