खाचेतला खेळ

लालबाग पुलाच्या चढावर, सकाळी सव्वासातला
कुमुदने मूठ पिळली
आणि चाकाऐवजी आस फिरला.
अर्धाच वळसा. तेवढा पुरतो.
नट सैल, वायर चकलीसारखी पिळलेली,
पुढचं चाक काट्यातून उचकटून वाकडं,
आणि डब्यांतली अठरा किलो भाकरवडी
उतारावर मोकळी.
ती उभी होती. पायात एकच चप्पल.
फोनवर एवढंच म्हणाली,
"दादा, तुझी सायकल मागे जायला बघते."

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली.
परक्यांच्या डाया मायक्रॉनमध्ये मोजल्या
आणि बहिणीच्या चाकाला
पान्यावर पाय देऊन म्हणालो, घट्ट आहे.

मकरपुऱ्यात अंबुभाई पंचालांनी
चष्मा कपाळावर चढवला.
व्हर्नियर आसाच्या चपट्या बाजूंना लावला: दहा.
काट्याच्या खाचेला लावला: दहा पॉइंट सहा.
मग बोटाने आस हलवून दाखवला,
पोराचा दुधाचा दात हलवावा तसा.
"आ तो रमे छे," म्हणाले.
गुजरातीत खेळणं म्हणजे रमणं.
इतकी वर्षं बडोद्यात राहून
हा शब्द मला त्या दिवशी लागला.

मोटर चाकाला पुढे ढकलते
तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतः मागे फिरू पाहते.
हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
कुणीतरी न फिरता धरून राहावं लागतं,
आणि ते काम नटाचं नाही.
नट फक्त दाबतो.

ॲल्युमिनियमचा काटा भंगारात दिला,
जुन्या काळ्या सायकलचा लोखंडी आणला.
सहा मिलीची पट्टी, दोन नग, दोन्ही बाजूंना.
भोक ड्रिलने, खाच कानशीने.
आसाला काळा मार्कर फासायचा,
पट्टी टेकवायची, काढायची,
जिथे काळं चिकटलं तिथेच घासायचं.
बाकीच्याला हात लावायचा नाही.
दुपारचे दोन वाजले. अंबुभाईंनी चहा मागवला,
खाच उजेडात धरून बघितली, बोलले काहीच नाहीत.
शेवटी पट्टी हाताने बसेना.
तांब्याच्या हातोडीची एक टिचकी,
मग बसली.
हलवून पाहिलं. रमत नव्हती.

घरी कुमुदला समजावलं:
ही भुजा. एका टोकाने आसाला धरते,
दुसरं टोक काट्याच्या दांडीला बोल्टने.
वायसर वाटीत सपाट बसलाय, मागच्यासारखा काठावर चढलेला नाही.
वायर खाली झोळ देऊन वर नेलीय,
पाणी झोळातून ठिबकेल, मोटरीत शिरणार नाही.
ती पिठाच्या हातांनी ऐकत होती. म्हणाली,
"आस. आमच्या शाळेत हा शब्द स्त्रीलिंगी होता."
"लोखंडाचा असला की पुल्लिंगी."
"तरीच," म्हणाली, आणि पोळपाटाकडे वळली.

नटावरून पट्टीपर्यंत एक रेघ ओढायची होती,
नट हलला की रेघ तुटते, लांबून दिसतं.
घरात रंग नव्हता.
तिने कपाटातून नेलपॉलिश काढलं,
लाल, धाकट्या नणंदेच्या लग्नातलं, आत दगड झालेलं.
थिनरचे दोन थेंब. बाटली कानाशी हलवून पाहिली,
आतली गोळी वाजेपर्यंत.
रेघ तिनेच ओढली. माझा हात अलीकडे कापतो.
उरलेलं करंगळीला लावलं.

पहिले तीन दिवस मी स्कूटरवर तिच्या मागे.
पुलाच्या चढावर श्वास धरायचो,
मांजलपूरला उतरलो की सोडायचो.
तिला आरशात दिसत असणार. बोलली नाही.

आज रविवार. चटईवर गुडघे टेकून बघतो
तर डावीकडची रेघ केसभर सरकलेली.
वायसर बसला असेल. नवीन वस्तू जरा बसतेच.
तरी पाना घेतला.
डबे भरून ती दारात उभी,
करंगळीवरचा लाल रंग अर्धा उडालेला.
"रमतंय का रे?"
"थांब," म्हटलं. "अजून थोडं थांब."