मॅचकडं पाठ

मी बसतो मॅचकडं पाठ करून,
गोलपोस्टच्या उजव्या अंगाला, चुन्याच्या रेघेबाहेर,
तोंड स्टँडकडं.
सतरा सीझन झाले.
शाहू स्टेडियमवर एकही गोल मी बघितलेला नाही.
गोल मला पाठीवर कळतो.
बॉलला पाय बसल्याचा टप्प आवाज,
मग एक श्वासभर काहीच नाही,
आणि मग समोरची सगळी तोंडं
एकदम उघडतात.

पहिल्याच वर्षी बॉल डोक्यात बसला.
स्टँडमधून कुणीतरी ओरडलं,
"ए फोटोवाल्या, हेडर भारी हाय, तालमीत ये!"
तेव्हापासून मंगळवार पेठेत माझं नाव हेडर.
लाइट बिलावरचं नाव
आता फक्त लाइटवाल्यांना माहीत.

पेनल्टीच्या वेळी
मैदानाकडं पाठ करून भिंतीला कपाळ टेकलेला
एक ड्रॉइंगचा मास्तर आहे माझ्याकडं.
त्या मिनिटाला अख्ख्या स्टेडियमात
मॅच न बघणारे आम्ही दोघंच.
हलगीच्या कडकडाटात
मांडीवर गाढ झोपलेलं पोर आहे.
दुसऱ्या दिवशी सकाळचं रिकामं मैदानही आहे,
पायऱ्यांवर शेंगांची टरफलं
आणि एक चप्पल, डावी.
उजवी कुठल्या पेठेत चालत गेली, कुणास ठाऊक.

एप्रिलात अंजना चोपदार आल्या.
दुकानाच्या उंबऱ्यातच थांबल्या,
पिशवी दोन्ही हातांत धरून.
"ह्यांचा फोटो असंल काय तुमच्याकडं, मैदानावरचा?
घरात लग्नातला तेवढा हाय.
त्यात दुसरंच कोणतरी दिसतंय."

हिंदुराव चोपदार.
उद्यमनगरात लेथवर.
डाव्या हाताची दोन बोटं मशीनला दिलेली,
म्हणून शिट्टी उजव्या हातानं.
तिसरी पायरी, खांबाजवळ.
मी त्यांना सतरा वर्षं ओळखत होतो
आणि कधी बोललो नव्हतो.

दोन रात्री हार्डडिस्क उपसल्या.
अकरा फोटो निघाले.
अकराही फोटोंत तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ.
सगळ्यात स्वच्छ आलेल्या फोटोत
ओठांवरून शिवी वाचता येत होती.
'भ'वर असते तर ओठ तरी मिटलेले मिळाले असते,
पण ते 'भ' ओलांडून पुढं गेले होते.

म्हणालो, "वहिनी, हाराला हा बरा दिसणार नाही."
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
"कुणाला देत्यात?"
"रेफ्रीला. ऑफसाइड असणार."
बराच वेळ त्या बघत राहिल्या.
बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं ते भजन संपलं, तरी.
"घरात आवाज म्हणून नव्हता ओ ह्यांचा.
मीठ कमी पडलं तरी गप जेवायचे.
सासूबाई म्हणायच्या, माझं पोरगं मुकं दिलंय देवानं.
हा माणूस मी आज बघतेय.
हाच करा. मोठा करा."

मोठा केला तेव्हा हात दिसला.
फ्रेमच्या काठातून आलेला, त्यांच्या खांद्यावर,
आवरायला की आधाराला, सांगता येत नाही.
मनगटावर दोरा दुसऱ्या पेठेच्या रंगाचा.
त्या स्टँडात तो रंग बसत नाही,
बसला तर शाबूत उठत नाही.
"कापून टाकू का एवढा?"
"नको. कुणीतरी धरलंवतं त्यांना.
असू दे."

पुढच्या मॅचला मी चेहरे सोडले.
नुसते हात काढले:
ग्रीसचे, मेंदीचे, बिडी लपवणारे,
पोलिसाच्या काठीवर हळूच ठेवलेला एक.
तो दोरा कुठं दिसला नाही.
तिसऱ्या पायरीवर खांबाजवळ जागा मोकळी होती.
एवढ्या गर्दीत मोकळी,
आणि तिच्यावर शेंगांची एक पुडी,
न सोडलेली,
जागा धरून ठेवल्यासारखी.

मी फोकस लावला.
मागं टप्प झालं.