शेवटच्याची मूठ

आदल्या रात्री रेजानच्या स्वयंपाकघरात
टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, पाना, तिचा चष्मा
आणि डेल्मरचं कोपर, जे एका जागी ठरत नाही.

बाहेर उणे एकोणीस. परवा उणे दोन होतं,
त्याच्या आदल्या दिवशी पाऊस.
जानेवारीत, उत्तर ऑन्टारिओत, पाऊस!
यंदाचा हिवाळा दारूड्यासारखा, रेजान म्हणते,
रात्री शब्द देतो, सकाळी ओळखसुद्धा दाखवत नाही.

सहा स्नोमोबाइल. एकशे चाळीस किलोमीटर.
ती पेट्रोलचे तीन वाटे करते:
एक जायला, एक यायला.
तिसरा कशाला, मी विचारलं.
"चुकायला," ती म्हणाली,
आणि पेन्सिलीला टोक काढू लागली.

मग कोण कुठे ते ठरलं.
सर्वांत पुढे ती स्वतः.
तिच्यामागे पियेरेट, जी सगळ्यांत हळू चालवते,
म्हणजे उद्या आपण सगळेच हळू.
मधे मी, ऑरेल, त्याचा मेहुणा.
आणि शेवटी डेल्मर,
ज्याच्याकडे सगळ्यांत ताकदीची गाडी,
वय तेवीस,
चेहरा असा की ताटातली माशाची तुकडी कोणी उचलून नेली.

त्याने वाद घातला नाही. टेबलाखाली मूठ वळली फक्त.

नकाशावर तळ्याच्या तोंडाशी, नदी जिथे आत शिरते,
तिथे लाल फुली. इतक्या वर्षांत इतक्यांदा गिरवलेली
की कागदच झिजलाय. दिव्यापुढे धरला
तर तिथून उजेड येतो.
गास्तोंचं नाव कोणी काढलं नाही.
सूप गरम केलं. दोर मोजला.

सकाळी तळं पांढरं, सपाट, साळसूद.
वरून एक ताजा माग थेट पलीकडच्या काठाला.
"काल कोणीतरी गेलंय की," डेल्मर ओरडला.
रेजान उतरली. गिरमिट काढलं.
"गेलंय ते दिसतंय," ती म्हणाली,
"पोचलं का, ते माग सांगत नाही."

पहिलं भोक: वीतभर, निळा, टणक बर्फ.
दुसरं: वीतभरच, पण वरचा थर दुधी.
तिसऱ्यात गिरमिट एकदम सैल झालं,
पाणी वर आलं, घाई नसलेलं, काळं.
तिने हातमोजा काढून बोटांनी मापलं.
चार बोटं.
आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही.
इंजिनं तेवढी पुटपुटत होती.

वळसा पडला दोन तासांचा.
काठाकाठाने, पडलेल्या बर्चवरून,
दोनदा पियेरेटची गाडी रुतली,
दोनदा डेल्मर मागून चालत आला,
खांदा लावला, शिवी दिली, परत गेला.
मला तेव्हा कळलं
शेवटी कोणाला ठेवतात ते.

दुपारी पाइनच्या वळणावर समोरून दुसरा जथा आला.
रेजानने हात वर केला: पाच बोटं, मागे पाच.
पियेरेटने चार. मी तीन.
ऑरेलने दोन, मेहुण्याने एक.
सहा जणांत मिळून एकच हात
हळूहळू मिटत गेला.

मी आरशात पाहत होतो.
बर्फाच्या धुरळ्यातून डेल्मर आला
आणि त्याने मूठ वर केली:
मागे आता कोणी नाही.
ती रात्रीचीच मूठ.
पण जरा जास्त वेळ धरलेली,
समोरचा शेवटचा माणूस निघून जाईपर्यंत,
आणि त्यानंतरही.

घरी पोचलो तेव्हा काळोख पडला होता.
रेजानने दिवा लावायच्या आधी
दाराशी वाकून बूट मोजले.
बारा.
पुन्हा मोजले.
मग म्हणाली, डेल्मर, ते बरणीतलं मीठ दे.