मिठाची गुळणी

हाउकियार्वी गोठून सहा आठवडे झाले.
बर्फावरचा रस्ता गाड्यांना उघडायचा की नाही
हे गावात मी ठरवते, इर्मेली.
एकोणीस हिवाळे गिरमिट खांद्यावर टाकून जाते,
भोक पाडते, पट्टी बुडवते, वहीत आकडा लिहिते.

यंदा भाच्याने ओउलूहून पाकीट पाठवलं.
आत टपाल तिकिटाएवढी चिप,
कडेला तांब्याची नागमोडी रेघ. ती म्हणे अँटेना.
"बर्फात पुरून ये, मावशी. जाडी तीच कळवेल, बिनतारी."
आणि स्वतः मालवाहू बोटीवर निघून गेला.
फोन लागत नाही.

पुरण्याआधी दोन शब्द बोलून तर बघू,
म्हणून स्वयंपाकघरात, राईच्या पावाशेजारी,
तिला तारांनी लॅपटॉपला जोडलं,
टर्मिनलची काळी खिडकी उघडली.
हूं नाही की चूं नाही.
बयेने मिठाची गुळणी धरलेली.

पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली:
जेवण पोचवणारी, निरोप न नेणारी.
दुसरीने पोर्ट दिसू लागला.
शब्द तरीही नाही.
रात्री दोनदा उठून पाहिलं, उगाच.

सकाळी ताइस्तो आला, मासे धरायची जाळी परत मागायला.
बर्फफोड्या जहाजावर तेहतीस वर्षं रेडिओवर होता,
डावा कान तिथेच ठेवून आला.
चष्मा कपाळावर चढवून तारा पाहिल्या, म्हणाला,
"तुझं तोंड तिच्या तोंडाला जोडलंयस.
दोघी बोलताय. ऐकतंय कोण?"
टीएक्सची तार आरएक्सवर नेली, आरएक्सची टीएक्सवर.
"आणि ही काळी, ग्राउंडची, लोंबतेय.
शून्य कशाला म्हणायचं
यावरच तुमचं एकमत नाही अजून."

मग ती बोलली.
ठोकळे, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर अशी टिंबं घेतलेली अक्षरं
की जी आमच्या फिनिशलाही ठाऊक नाहीत.
"कुठल्या वेगाने ऐकतेस?"
नऊ हजार सहाशे.
"वाढव."
एक लाख पंधरा हजार दोनशे.
आधी तोच गाळ, आणि गाळाखाली
एक स्वच्छ ओळ: तयार.

मी टाळी वाजवली. कॉफी ओतली.
तोवर पुन्हा गाळ, पुन्हा तयार. पुन्हा गाळ.
तयार तयार म्हणत ती दर मिनिटाला मरत होती.
"चालतंय की," मी म्हटलं.
ताइस्तो हलेना. "त्या गाळात काय आहे?
जागं होताना माणूस बरळतं ना,
कुठे दुखतं ते त्यातच असतं."

चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी.
असला आडनिडा आकडा कोणी योजला असेल?
पण त्या वेगाला गाळ निवळला:
उठण्याचं कारण, चार.
भाच्याच्या चिठोऱ्यावर चारपुढे लिहिलं होतं,
राखणदाराने हलवून उठवलं.
"बिनतारी हाक मारायला जाते नि धाप लागते तिला,"
ताइस्तो म्हणाला. "वीज पुरत नाही."
घरी जाऊन जुना रेडिओ फोडून आला,
खिशात एक फुगीर कपॅसिटर,
वरची धूळ फुंकून, पाय सरळ करून
प्लस-मायनस दोनदा पाहून लावला.

आता ती मरेना.
मी टाइप केलं: जाडी?
काही नाही. पुन्हा: जाडी?
"तुझं बोलणं संपलं हे तिला कळलंच नाही."
ओळ संपल्याची दोन चिन्हं असतात, न दिसणारी:
एक टाइपरायटरची गाडी डावीकडे आणतं,
दुसरं कागद वर सरकवतं.
गाडी नाही, कागद नाही, तरी ती वाट पाहते.
यादीतून दोन्ही निवडली.

जाडी: शून्य.

बरोबरच होतं. टेबलावर बर्फ कुठला?
मी हसले, इतकी हसले की पाव घरंगळला.

ताइस्तो उठला, बूट चढवले,
येतो नाही, जातो नाही;
दार उघडून बंद झालं,
पायांवरून थंडी सरकली.
जाळी खुंटीवरच राहिली.

उद्या चिप पुरायला जाईन.
गिरमिट नेणारच आहे.