मधली चित्रं

आनिसेत मला दोन चित्रं देतो.
पहिल्यात उदाली धक्क्यावर बसलेली,
नवव्यात पाण्यात.
मधली सात माझी.
हेच माझं काम, पर्वरीत, औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर,
महिना अठरा हजार, जेवण ज्याचं त्याने आणायचं.

उदाली म्हणजे ऊद, पाणमांजर.
मूळ पुस्तकात ती माणूस होती,
कप्तानाची मुलगी, निळा झगा, हातात रुमाल.
दोनशे वर्षं जुनं जाडजूड पुस्तक,
वादळं, तोफा, फितुरी.
आमच्या मालिकेत सगळ्यांना शेपट्या फुटल्या.
कप्तान झाला मुंगूस,
दगाबाज सुकाणूवाला मगर, त्याला एका डोळ्याचा चष्मा,
आणि ती ऊद झाली, कारण निर्मात्याला
काहीतरी मऊ हवं होतं,
ज्याचं खेळणं खपेल.

मी पुस्तक वाचून काढलं, फेरीबोटीत,
रायबंदर ते चोडण, रोज चार-पाच पानं.
चौथ्या प्रकरणात ती बापाच्या जहाजाला हात हलवते.
तेविसाव्यात जहाज परत येतं
आणि ती धक्क्यावरच.
लेखक म्हणतो, ती वाट पाहत होती.
बोटांवर मोजलं: मधे अठरा प्रकरणं.
अठरा प्रकरणं ती जेवली काय?
दाढ दुखली का कधी?
त्या रुमालाला धुवायला तरी कोणी नेलं की नाही?

पुनोमामा चोडणला मानस राखतो.
भरती आली की खाऱ्या पाण्याला अडवायचं,
ओहोटीला दारं सैल सोडायची,
त्यासाठी रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन बांधावर.
ऊद त्याने आयुष्यभर पाहिली,
जाळं फाडते म्हणून आयुष्यभर शिव्या घातल्या.
मी विचारलं, मामा, ऊद वाट बघते का कधी?
तो हसला नाही. विडी दगडावर चिरडली.
"बसलेली दिसते ना, तेव्हा ती ऐकत असते गो.
पाण्याखाली काय हललं ते मिशांना कळतं.
बांधाला भोक पडलं की माझ्याआधी तिला ठाऊक."
मग जरा वेळाने,
"पुष्कळदा तिनेच पाडलेलं असतं."

त्याच पहाटे दिसली.
खाजनात एवढंसं डोकं, करवंटीएवढं,
मग सगळी लांबच लांब ती, चिखलावर,
पुढच्या दोन पंजांत धरून काळुंद्र खात होती
शेपटीकडून नाही, डोक्याकडून,
डोळे मिटून.
काटे मोडल्याचा आवाज बांधापर्यंत आला.
मऊ काही नव्हतं त्यात.
मी तिथेच वही काढली, तर ती गेली,
पाण्यावर नुसते बुडबुडे, ओळीने,
कुठे चालली ते सांगत, आणि मग तेही नाही.

त्या आठवड्यात माझी सात चित्रं जरा बिघडली.
तिसऱ्यात तिच्या मिशा वाऱ्याविरुद्ध.
चौथ्यात ती बापाकडे नाही, धक्क्याच्या खांबाकडे बघते,
जिथे शिंपल्या धरतात.
पाचव्यात दातांत काटा.
पडद्यावर हे सगळं अर्ध्या सेकंदात सरतं.

आनिसेतने मात्र थांबवून पाहिलं.
"हा काटा कुठून आला?"
"माशाचा आहे."
"पुढच्या चित्रात नाही."
"गिळला."
त्याने ते पुढेमागे केलं, पुष्कळदा,
खाली औषधाच्या दुकानाचं शटर पडेपर्यंत.
मग म्हणाला, राहू दे,
कोण बघतंय एवढं थांबवून.

काल तेविसावं प्रकरण आलं टेबलावर.
पहिल्या चित्रात रिकामा समुद्र, ती उभी.
नवव्यात जहाज, ती उभी.
"सोपं आहे," आनिसेत म्हणाला,
"तिला हलवायचंच नाही. शेवटची फेरी गाठशील."
मी मान डोलावली, दिवा जवळ ओढला,
आणि दुसऱ्या चित्रात
तिचा उजवा पाय ओला काढला.