चालू होण्याआधी

एजन्सीचं पत्र आलं: सोमवारच्या आत
प्रत्येक दुभाष्याने लॅपटॉपला फर्मवेअर पासवर्ड घालावा,
अन्यथा केसेस बंद.
'अन्यथा' माझं. त्यांनी गोड लिहिलं होतं,
पण गोड इंग्रजीचं मराठी करणं हाच माझा धंदा.

हडर्सफील्डच्या बसस्टँडसमोर कीरनचं दुकान,
अर्ध्यात व्हेपच्या बाटल्या, अर्ध्यात उघडी यंत्रं.
तो म्हणाला, नेहमीचा पासवर्ड म्हणजे दाराचं कुलूप.
चोर पेनड्राइव्ह खुपसतो, त्यावरून यंत्र उठवतो,
दार बाजूलाच राहतं.
हा त्याच्याही खालचा.
जोत्याला कुलूप, मी मनात म्हटलं.
बोलले नाही. जोतं समजावण्यात सहा वाजले असते
आणि सहाला तो शटर ओढतो.

"पाउंडचं चिन्ह घालू नका हं.
पूर्ण जागं होईपर्यंत हे यंत्र अमेरिकन असतं."
आणि मराठी?
तो हसला. मीही हसले.
"विसरलात तर माझ्या हातात काही नाही.
पावती घेऊन कंपनीकडे जायचं. पावती आहे ना?"
आहे. माझ्याकडे सगळ्या पावत्या आहेत.

घरी येऊन मशीन बंद केलं.
चालू होता होता एक कळ दाबून धरायची.
कळ.
गेल्या आठवड्यात इन्फर्मरीत एक बाई म्हणाली, इथं कळ येते.
डॉक्टरने विचारलं, शार्प की डल?
मी दोन्ही शब्द तिच्यापुढे मांडले, भाजीवालीसारखे.
तिने एकालाही हात लावला नाही.

मग पडदा ओढून घेतला गेला, डॉक्टर गेला,
समाजसेविका आली.
बाई 'मी' म्हणाली की मीही 'मी' म्हणायचं, असा नियम आहे.
म्हणून मी, हात मांडीवर ठेवून, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं:
माझ्या नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड पाठ आहेत,
बँकेचा, फोनचा,
मुलाच्या शाळेच्या ॲपचासुद्धा.
समाजसेविका लिहिता लिहिता थांबली
आणि चुकून माझ्याकडे बघत राहिली, क्षणभर,
कणव घेऊन.

नाव सांगणार नाही तिचं.
खोलीबाहेर आलं की विसरायचं, हाही नियम आहे.

काळा पडदा. चित्र नाही, माऊसचा बाण नाही,
पांढऱ्या अक्षरांत एकच विचारणा.
इथं ळ नाही, ण नाही,
अनुस्वार द्यायला जागा नाही.

माझा एकही पासवर्ड जगात कोणाला ठाऊक नाही.
हे वाक्य तिला मिळालं असतं
तर तिने ते खडीसाखरेसारखं गालात धरलं असतं.
मी ओट्याशी उभ्याने ते मोठ्याने म्हणून पाहिलं.
किटली खट्‌ करून बंद झाली.

शब्द निवडला. 'कळ' नाही, उगाच खटपट करू नका,
एवढा आखूड घेतच नाही ते.
चौदा टिंबं उमटली.
पुन्हा टाइप करा, म्हणालं.
केलं. जुळत नाही, म्हणालं.
ळसाठी मोठा एल की धाकटा? मघाशी मी काय केलं होतं?
दोन मिनिटांपूर्वीची मी कोणत्या लिपीत विचार करत होते?
तिसऱ्यांदा जुळलं.

मग गॅसच्या बिलाच्या पाठीवर तो लिहिला,
घडी घालून पाकिटात टाकला, पाकीट थुंकीने चिकटवलं.
वर लिहिलं: मी नसले तर उघडावं.
कोणी, ते लिहायला जागा सोडली
आणि पेन टोपणात घातलं.

शेजारच्या मिसेस ओल्ड्रॉइड
दर बुधवारी माझी कचऱ्याची पेटी रस्त्याला नेऊन ठेवतात,
मी कधी सांगितलं नव्हतं.
आज मंगळवार.