रामशेजच्या पायऱ्या

घरात कुत्रं येणार नाही, असं पप्पांनी
दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत
टिंग्या त्यांच्या चपलेवर झोपला होता.

रविवारी पेठ रोडनं निघालो.
मागच्या सीटवर मी, केदू आणि तो,
जीभ खिडकीबाहेर, थेट आशेवाडीपर्यंत.
आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी
आणि त्याच्यासाठी वेगळा, बिनमिठाचा भात.

चढताना सगळ्यांच्या पुढे.
वर टाक्याचं पाणी हुंगलं, माकडांवर भुंकला,
माकडांनी बघितलंसुद्धा नाही.

उतरताना मात्र
पहिल्या पायरीवर बसला तो बसलाच.
बिस्किट दाखवलं. ओढलं.
केदूनं चार पायांवर उतरून दाखवलं.

पप्पांचा डावा गुडघा दुखतो,
गच्चीवरही ते फक्त टाकी भरली का बघायला जातात.
त्यांनी चष्मा आईकडे दिला
आणि एकवीस किलोचं ते ध्यान
गव्हाचं पोतं उचलावं तसं खांद्यावर घेतलं.
कुणीच काही बोललं नाही.

खाली द्राक्षबागेत फवारणी चालली होती,
तिची घरघर तेवढी वर येत होती,
आणि पप्पांचा आवाज, हळूच, त्याच्या कानात:
"खाली बघू नको रे.
मीपण बघत नाहीये."